रेघ उमटली, वासरू मेलं

१

वासरू सकाळी मेलं आणि दुपारपर्यंत त्याचा दोष गोठेवालीच्या माथी मारूनही झाला होता. पशुखाद्याच्या कारखान्यातून फोनवर कुणीतरी तिला सुनावलं होतं, "पेंड ओलाव्यात ठेवली असणार तुम्ही. बुरशी तुमच्या गोठ्यातली. आमचा माल तपासलेला आहे." आधीचं वासरू मेलं तेव्हाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. त्याच्या आधीचं मेलं तेव्हाही तेच.

गुरांची डॉक्टरीण गोठ्याच्या मागच्या बाजूला गुडघ्यांवर बसून वासराचं पोट उघडून पाहत होती. यकृत पिवळं पडलेलं होतं आणि बोटांना कडक लागत होतं. तिने हातमोजे उलटे करून काढले आणि मनातल्या मनात एक शिवी हासडली. ती शिवी तिच्या पदवीला शोभणारी नव्हती, पण प्रसंगाला शोभणारी होती.

"मावशी, पेंड कुठे ठेवता?"

"या, बघा. माझं बोलणं कुणाला पटत नाही, निदान तुमच्या डोळ्यांना तरी पटू दे."

पेंडीची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचलेली होती. खाली सिमेंट खडखडीत कोरडं होतं. डॉक्टरणीच्या स्वतःच्या घरातलं धान्य इतक्या निगुतीने ठेवलेलं नव्हतं. शेजारच्या बादलीत मात्र करड्या रंगाचा गिळगिळीत लगदा फुगून बसला होता.

"हे काय?"

"तुम्हीच सांगितलेली बाइंडरची पावडर. कालपासून पेंडीत मिसळतेय. थोडी पाण्यात पडली, तर ही बघा कशी फुगून शेंबडासारखी झाली. गुरांना बाधणार नाही ना?"

"नाही हो. मातीच आहे ती, जरा खास माती. पोटात गेली की बुरशीचं विष धरून ठेवते, अंगात शिरू देत नाही, आणि शेणावाटे घेऊन जाते."

"मग हिच्यासाठी उशीर झाला म्हणायचा," गोठेवाली वासराकडे पाहत म्हणाली. "एवढ्याशा जिवाला मी हाताने भरवली हो पेंड. लवकर वाढावी म्हणून."

 डॉक्टरणीने थप्पीतलं सगळ्यात खालचं, शिलाई न उसवलेलं पोतं ओढून काढलं. तोंड शिवलेलं असेल तर गोठ्याला कुणी नावं ठेवू शकणार नव्हतं. पोत्याच्या शिलाईत प्रयोगशाळेची पिवळी चिठ्ठी अडकवलेली होती. 'बुरशीविष: नाही', आणि खाली तपासणाऱ्याची सही.

ती सही डॉक्टरीण चांगली ओळखत होती. तिच्या भावाच्या लग्नाच्या कागदावर ती सही होताना ती शेजारी उभी होती. सही तिच्या वहिनीची होती.

२

शिवलेल्या पोत्यातली पेंड मोठ्या यंत्रावर तपासायला गेली. ते यंत्र विद्यापीठात होतं. निकालाला वेळ लागे, पण तिथल्या प्राध्यापकांचा शब्द कुणी खोडून काढत नसे. निकाल आला. पेंड विषाने भरलेली होती. ही पेंड खाणाऱ्या गाईंच्या दुधातही ते उतरणार, आणि दूध कुणाकुणाच्या घरी जातं हे सांगायला यंत्र लागत नाही.

मग जे व्हायचं तेच झालं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी वहिनीला घरी बसवलं. चौकशी समिती नेमली गेली. गाव म्हणू लागलं की बाई कारखान्याला फितूर आहे, आणि ज्यांना तसं म्हणवत नव्हतं ते म्हणाले, बाई गचाळ आहे. कारखान्याचा माल मात्र गाड्या भरभरून बाहेर पडतच होता, कारण त्याच्यावर चिठ्ठी होती.

डॉक्टरीण भावाच्या घरी गेली तेव्हा वहिनी स्वच्छ असलेला ओटा पुन्हा घासत होती.

"तो ओटा झिजेल," डॉक्टरीण म्हणाली.

"झिजू दे. ताई, तुम्ही खरं सांगा. तुम्हालाही वाटतं ना, की मी काहीतरी शेण खाल्लं?"

"मला वाटत असतं तर चहा मागायला आले नसते. बस इथे. तुझी ती विष तपासायची पट्टी कशी चालते ते मला अडाण्याला सांगावं तसं सांग."

वहिनीने हात पुसले. कामाचं बोलायला लागली की तिचा आवाज आपोआप सरळ होत असे. "पेंडीचा नमुना दळायचा. पीठ पाण्यात घोळायचं, गाळायचं. त्या पाण्यात पट्टी बुडवायची. पट्टीवर दोन रेघांच्या जागा असतात. वरची रेघ नेहमीच उमटते, पट्टी चालू आहे एवढंच ती सांगते. खालची खरी. विष नसेल तर ती उमटते. विष असेल तर उमटत नाही."

"उलटंच की."

"सगळे इथेच गोंधळतात. रेघ दिसली म्हणजे माल चांगला. म्हणून मी रोज सकाळी आधी साक्षीच्या डब्यातलं पीठ तपासते. ते विषारी आहे हे ठाऊक असलेलं, बाहेरून दळून आलेलं पीठ. त्याला खालची रेघ येता कामा नये. एकदाही आलेली नाही. पट्ट्या चांगल्या आहेत, ताई. आणि माझे डोळेही."

"मग त्या पेंडीला रेघ कशी आली?"

"तेच तर!" वहिनीने ओट्यावर मूठ आपटली. "दळलेल्या प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग साहेबांच्या कपाटात मोहोर लावून ठेवतात. तो सगळ्यांसमोर काढला. मी पट्टी बुडवली, रेघ आली. ठसठशीत. तेच पीठ यंत्रावर पाठवलं, तर विष. एकाच पुडीतलं पीठ, आणि दोन निकाल. आता साहेब म्हणतात, सगळ्यांसमोर काय हातचलाखी केली ती बाईंनाच ठाऊक. परवा समिती बसेल. माझ्या हातून सहीचा अधिकार काढला, तर परत मिळणार नाही. आणि दुसरं मला काय येतं?"

"कामात वेगळं काही जाणवलं होतं? अगदी फालतू वाटलं तरी सांग."

वहिनीने आठवून पाहिलं. "पाणी गाळणीतून उतरता उतरत नाही हल्ली. गाळणी चिकट होऊन तुंबते. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, पेंडीत चोथा वाढलाय. साक्षीचं पीठ मात्र झरझर गळतं."

डॉक्टरणीने चहा संपवला. पट्टी चांगली, डोळे चांगले, यंत्र चांगलं, आणि तरी निकाल दोन. यात कुणीतरी एक खोटं बोलत होतं, आणि पीठ तर बोलत नाही.

३

प्रयोगशाळांना या पट्ट्या विकणारा पट्टीवाला मोटारीच्या डिकीतच दुकान मांडून हिंडायचा. कोट, अत्तर आणि अखंड हसू, अशी त्याची ओळख होती. त्या दिवशी हसू गळून पडलं होतं. तीन ठिकाणांहून त्याला माल परत घेऊन जायला सांगितलं होतं.

"माझ्या पट्टीला खोटं म्हणतात!" तो रस्त्यातच ओरडला. "अहो डॉक्टरीणबाई, यंत्र चांगलंच आहे, मी कुठे नाही म्हणतो? पण यंत्राचा निकाल येईपर्यंत पोती गुरांच्या पोटात गेलेली असतात. माझी पट्टी चहा निवायच्या आत सांगते. दोन्ही लागतात. आणि आता दोन्हीत भांडण लावून माझ्या पोटावर पाय!"

"ओरडू नका. ही पेंड घ्या. शिवलेल्या पोत्यातली आहे. माझ्यासमोर तपासा."

त्याने डिकीतून लहानसं दळणयंत्र काढलं. आधी त्यात मूठभर तांदूळ फिरवून ते पीठ फेकून दिलं, ब्रशने पाती झाडली. "आधीच्या मालाचा कण राहता कामा नये," तो म्हणाला. मग पेंड दळली, पाण्यात घोळली, गाळली. पाणी सहज उतरलं. पट्टी बुडवून दोघं तिच्यावर डोळे लावून बसले.

वरची रेघ हळूहळू लाल झाली. खालची जागा कोरीच राहिली.

पट्टीवाल्याने उडीच मारली. "बघा! पकडलं! माझी पट्टी विष पकडते!"

डॉक्टरणीने पट्टी हातात घेऊन उजेडात धरली. पट्टीवर खापर फोडायची सोय आता राहिली नव्हती. "मग प्रयोगशाळेत हिलाच रेघ का येते?"

पट्टीवाल्याने डिकी बंद केली आणि नजर चुकवली. "ते मला कशाला विचारता? ज्यांच्या हातात रेघ येते त्यांना विचारा. तुमच्या घरातच आहेत."

४

प्रयोगशाळेत साहेबांनी तिचं उठून स्वागत केलं. मागच्या भिंतीवर मानपत्रं टांगलेली होती. पूर्वी ही प्रयोगशाळा बंद पडायच्या बेतात होती. यांनी पट्टीची पद्धत आणली आणि आता आसपासचे सगळे कारखाने इथेच नमुने पाठवत. साहेब बोलले अतिशय गोड. वहिनीबद्दल तर इतक्या हळहळीने बोलले की डॉक्टरणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हुशार मुलगी हो. पण घरच्या कामात लक्ष विभागतं. बायकांचं असं होतं कधीकधी."

"माझं नाही होत," डॉक्टरीण म्हणाली. "तुमची पद्धत जरा समजावून घेऊ का? नमुना आल्यापासून."

साहेबांनी सगळं न अडखळता सांगितलं. नमुना कसा येतो, कोण दळतं, अर्धा भाग त्यांच्या कपाटात कसा जातो.

"आणि दळणयंत्राची सफाई?"

"तांदूळ फिरवतो. सगळीकडे करतात तसंच. त्यात काय एवढं?"

त्यात काहीच नव्हतं. डॉक्टरीण आभार मानून उठली आणि दळणाच्या खोलीत गेली. तिथे मामा होते. प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे ते मामाच. भुवयांपासून चपलांपर्यंत पिठाने माखलेले आणि बोलायला माणूस मिळाल्याने खुशीत.

"वहिनीबाई लबाडी करणार? छे! त्या पेन्सिलसुद्धा घरी नेत नाहीत. मी म्हटलं साहेबांना, तर म्हणाले, मामा, तुम्ही दळा."

"मामा, यंत्र स्वच्छ कसं करता?"

"हे काय, या पावडरीने." त्यांनी फळीवरचा मोठा पत्र्याचा डबा ठोकून दाखवला. "नमुना दळायच्या आधी मूठभर फिरवायची. आणि झाडायची नाही बरं का. पात्यांवर लेप राहिला की गंज धरत नाही, असं साहेब म्हणाले. नवीन पद्धत आहे. पट्ट्यांबरोबरच आली ही."

"आणि तो काय, बरणीत? तांदूळ ना?"

मामा गालात हसले. "ती खास बरणी. साहेबांचे मेव्हणे आहेत ना, कोंबड्यांवाले, त्यांचा नमुना आला की तांदूळ. तेव्हा साहेब स्वतः येऊन उभे राहतात इथे. आधी पाती झाडून घेतात, पुसून घेतात, मग तांदूळ. काय तो थाट! आम्ही म्हणतो, लोकांना पावडर आणि पाहुण्यांना तांदूळ."

डॉक्टरीण हसली, पण अर्धवटच. तिने डब्याचं झाकण काढलं. पावडर करडी, मऊ आणि बिनवासाची होती. तिने बोट ओलं करून चिमूटभर घेतली आणि अंगठ्यावर घासली. ती बुळबुळीत झाली, आणि बघता बघता फुगली.

गोठ्यातली ती बादली तिच्या डोळ्यांसमोर आली. अच्छा, म्हणजे घोडं इथे पेंड खातंय तर. गुराच्या पोटात जी माती विष धरून ठेवते, ती भांड्यातल्या पाण्यात का सोडेल? पट्टी पाण्यात उतरलेलंच विष ओळखते. विष मातीला चिकटून गाळणीवर राहिलं, की पाणी निर्मळ आणि रेघ ठसठशीत. साक्षीचं पीठ बाहेरून दळून येतं. त्याची आणि या डब्याची गाठच पडत नाही.

पण हा डबा कुणी ठेवला? साहेब म्हणणार पट्टीवाल्याने, पट्टीवाला म्हणणार मी नाही, आणि शेवटी सगळे मिळून मामांकडे बोट दाखवणार. पायरी जितकी खालची तितकं खापर फोडायला सोपं. कुणीतरी हे जाणूनबुजून केलं हे ठरवायला आणखी एक धागा हवा होता, आणि तो बहुतेक कोंबड्या खात होत्या.

५

मेव्हण्याच्या कोंबड्या डॉक्टरणीच्या ओळखीच्या होत्या. लशी तीच टोचायची. पिसं चकचकीत, तुरे लालभडक, सगळा कळप तुकतुकीत. मेव्हणा स्वतःही तसाच होता, गोल आणि समाधानी.

"आजारी कुणी नाही? फार बरं. खाद्य कुठलं देता?"

"खाद्याच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे," मेव्हणा छाती फुगवून म्हणाला. "घेण्याआधी नमुना दाजींकडे पाठवतो. मागे त्या कारखान्याची पेंड आली होती, मक्याची. अख्खी गाडी परत पाठवली मी! दाजींच्या पट्टीवर विष निघालं. पुन्हा आली, पुन्हा परत."

कारखाना तोच होता. डॉक्टरणीने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "हे केव्हाचं?"

"मागच्या महिन्यातलं. गाडी इथून वळली ती सरळ त्या गोठ्यांच्या रस्त्याला लागली. मला नवलच वाटलं. म्हटलं, घेतंय कोण असला माल?"

 त्याच कारखान्याची तीच गाडी. त्याच प्रयोगशाळेत, त्याच पट्टीवर कोंबड्यांसाठी विषारी ठरली, आणि वासरांसाठी शुद्ध.

"दाजी फार जपतात हो मला," मेव्हणा सांगत होता. "म्हणतात, तुझा नमुना मी स्वतः उभं राहून दळून घेतो, पट्टीही मीच बुडवतो, दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. बहिणीने नशीब काढलं."

"हे तुम्ही उद्या समितीसमोर सांगाल?"

"का नाही? चांगल्या कामाचं कौतुक व्हायलाच हवं."

बिचाऱ्याला कशाचा काही पत्ता नव्हता. डॉक्टरणीला क्षणभर त्याची दया आली. मग गोठ्यातली ती जागा आठवली, जिथे आता वासरू नव्हतं, आणि दया संपली.

६

समितीच्या दिवशी सकाळीच मामा फाटकात गाठ पडले. चेहरा पिठाहून पांढरा होता. "डॉक्टरीणबाई, तो डबा नाहीसा झालाय. फळीवर नुसती तांदळाची बरणी आहे. साहेब म्हणतात, डबा कधी नव्हताच, मामा तुमचं वय झालं!"

"नव्हता तर नव्हता," डॉक्टरीण म्हणाली. "तुम्ही फक्त आत बसा आणि विचारतील तेवढं सांगा."

सभागृहात लांब टेबलामागे समिती बसली होती. मध्ये अध्यक्षबाई, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यांच्या एका बाजूला मोठ्या यंत्राचे प्राध्यापक. वहिनी एकटीच एका खुर्चीवर होती, जणू काही तिला संसर्गाचा रोग झाला होता. गोठेवाली दाराशी बसली होती, कारण तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. डॉक्टरणीने आधी स्वतःची खुर्ची उचलून तिला नेऊन दिली आणि मगच बोलायला उभी राहिली.

"यंत्र खरं की पट्टी खरी, असा वाद चाललाय. दोन्ही खरी आहेत. दाखवते."

तिने शिवलेल्या पोत्यातली पेंड मामांकडून सगळ्यांसमोर दळून घेतली. सफाई तांदळानेच केली, कारण आता दुसरं काही शिल्लकच नव्हतं. वहिनीने पीठ घोळलं, गाळलं, पट्टी बुडवली.  खालची रेघ आली नाही.

"विष आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"आता त्याच पिठात हे मिसळते." डॉक्टरणीने गोठेवालीच्या बाइंडरची चिमूट टाकली. वहिनीने पुन्हा घोळलं. या वेळी गाळणी तुंबली. पाणी थेंबाथेंबाने उतरलं. पट्टी बुडाली आणि खालची रेघ उगवली, लाल, ठसठशीत.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्राध्यापक अर्धवट उठले. "विष कुठेही गेलेलं नाही! मातीने धरून ठेवलंय. आम्ही पीठ पाण्यात नाही, कडक द्रावणात भिजवतो. ते मातीच्या मुठीतूनही विष काढून घेतं. म्हणून त्या पुडीचे दोन निकाल आले!"

"बरोबर. आता साहेबांच्या कपाटातल्या पुड्या मागवा. मोहोर त्यांची, किल्ली त्यांच्याकडे."

पुड्या आल्या. डॉक्टरणीने एकेक पीठ काचेच्या पेल्यात पाण्यात टाकलं. थोड्या वेळाने प्रत्येक पेल्याच्या तळाशी करडा, बुळबुळीत थर फुगून बसला. फक्त एका पेल्यात तसला थर नव्हता. अध्यक्षबाईंनी त्या पुडीवरचं नाव मोठ्याने वाचलं. ती पुडी मेव्हण्याची होती.

साहेब उठले. आवाज अजूनही गोडच होता. "हे धक्कादायक आहे. पट्टीवाल्याने सफाईची म्हणून काहीतरी पावडर दिली असेल. मामांनी ती मला न विचारता वापरली असेल. मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

पट्टीवाला मागून किंचाळला, "मी तांदूळच सांगतो! सगळ्यांना!" मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"साहेब," डॉक्टरीण म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, दळणयंत्राची सफाई कशाने करता. तेव्हा पावडरीचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. मामांनी मला डबा ठोकून दाखवला. एवढा मोठा डबा दळणाच्या खोलीत समोरच होता; ज्याला पावडरीत खोट आहे हे ठाऊक नाही, तो पावडर म्हणूनच सांगणार. तुम्ही एकटे म्हणालात, तांदूळ. तुम्हाला डबा लपवावासा का वाटला?"

"मला... नियम तसा आहे, म्हणून म्हणालो."

"आणि मेव्हण्यांच्या नमुन्याला तांदूळच का?"

"तो मामांचा आगाऊपणा."

"असं? मग तुमच्या मेव्हण्यांनाच विचारू."

मेव्हणा कौतुकाच्या तयारीने, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने सगळं हौसेने सांगितलं. दोनदा परत पाठवलेली गाडी. आणि दाजी स्वतः उभं राहून नमुना दळून घेतात, दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, हेही. मग त्याने सभागृहाकडे पाहिलं. कुणीच हसत नव्हतं. "काय झालं?" त्याने विचारलं. "मी काही चुकीचं बोललो का, दाजी?"

साहेब मटकन खाली बसले. गोडवा एकदम उतरला. "प्रयोगशाळा बंद पडत होती," ते म्हणाले. "माल वाईट म्हटलं की कारखाने दुसरीकडे जायचे. रोज वाईट, वाईट! कोण येणार? मी ही जागा वाचवली. या सगळ्यांच्या नोकऱ्या वाचवल्या. विचारा त्यांना."

"कोंबड्याही वाचवल्यात," डॉक्टरीण म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला तो चढलाच. "एवढं नेमकं कळत होतं तुम्हाला! काय विषारी, कुणासाठी विषारी, सगळं! नातेवाइकाची कोंबडी मरू नये म्हणून पाती पुसून घेत होता, आणि या बाईची वासरं मेली तर तिचाच गोठा ओला! आणि दोष कुणावर? जी रोज सकाळी साक्षीचा डबा उघडते तिच्यावर! लाज नाही वाटली?"

 मेव्हण्याने आपली खुर्ची साहेबांपासून दूर सरकवली.

अध्यक्षबाईंनी साहेबांना बाहेर नेऊन बसवायला सांगितलं आणि कारखान्याच्या गाड्या आहेत तिथे अडवायचा निरोप धाडला. मग त्या वहिनीकडे वळल्या. तिच्यावर कुठलाही ठपका नाही, सहीचा अधिकार तिच्याकडेच राहील. डॉक्टरणीला वाटलं, आता ही रडेल नाहीतर हसेल. वहिनीने दोन्ही केलं नाही.

गोठेवाली उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती.

"चिठ्ठीवर सही तुमचीच होती ना?"

"हो," वहिनी म्हणाली. "माझीच. मला माहीत नव्हतं, मावशी. पण सही माझी होती."

"मी ती चिठ्ठी बघून पेंड घेतली. साहेबांचं तोंड बघून नाही."

डॉक्टरीण मध्ये पडायला पुढे झाली, पण वहिनीने हातानेच तिला थांबवलं. तिने टेबलावरचा कोरा कागद ओढला आणि पेन उघडलं.

"खोटं ठरलेलं प्रत्येक प्रमाणपत्र मी माझ्याच सहीने रद्द करते. आणि प्रत्येक गोठ्यावर स्वतः जाऊन सांगते. पहिल्यांदा तुमच्याकडे." मग तिने नणंदेकडे पाहिलं. "ताई, पण कुठली कुठली रद्द करायची? पट्ट्या आल्यापासूनची शेकड्याने असतील. त्यातलं खरं कुठलं, ते कसं ओळखू?"

डॉक्टरणीने टेबलावरच्या पेल्यांच्या रांगेकडे पाहिलं. बुळबुळीत थर एकामागोमाग एक तळाशी बसलेले होते, आणि एकच पेला नितळ होता.

"सोपं आहे," ती म्हणाली. "मेव्हण्याची तेवढी खरी आहेत. बाकीची सगळी रद्द कर."

वहिनीने मान हलवली आणि लिहायला घेतलं.